मूल कसं खेळतं, कसं जेवतं: ऑक्युपेशनल थेरपिस्ट नेमकं काय तपासतात?

समजा, श्रीवर्धनकडच्या एखाद्या कोळीवाड्यात चार वर्षांचा एक मुलगा आहे. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पण पोरगा वाळूत अनवाणी पाय ठेवत नाही. आरतीच्या झांजा वाजल्या की कान दाबून आत पळतो. शर्टाचं बटण आई लावते, घास आजी भरवते. बाकीची पोरं ओढून ठेवलेल्या होड्यांभोवती पकडापकडी खेळतात, हा बाजूला बसून एकाच खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत राहतो. आजी म्हणते, "मोठा झाला की होईल सगळं." अंगणवाडीच्या ताई म्हणतात, "एकदा दाखवून तरी आणा."

दाखवायचं कुणाला? आणि ते नेमकं काय बघणार? ताप असेल तर थर्मामीटर असतो. खेळ मोजायचा कशाने?

याचं एक उत्तर म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत तिला 'व्यवसायोपचार' म्हणतात आणि या शब्दानेच निम्मा गोंधळ होतो. चार वर्षांच्या पोराचा कसला आलाय व्यवसाय? इथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे. माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो, ती सगळी कामं म्हणजे व्यवसाय. मोठ्यांच्या बाबतीत त्यात नोकरी, स्वयंपाक, प्रवास येतो. मुलांच्या बाबतीत खेळणं, जेवणं, कपडे घालणं, अंघोळ, शी-शू, झोप आणि शाळा. फिजिओथेरपिस्टचं लक्ष प्रामुख्याने हालचालीवर, ताकदीवर, सांध्यांवर असतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्या हातापायांनी मूल दिवसभरात काय करू शकतं, हे बघतात.

ही विद्याशाखा भारतात रुजली ती रायगडच्या किनाऱ्यासमोर, खाडीपलीकडच्या मुंबईत. कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन. लग्नाआधीचं नाव एलिझाबेथ लंडी. त्यांनी 1950 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली आणि 1952 मध्ये या क्षेत्राची अखिल भारतीय संघटना उभी केली. फलटणचे शेतीतज्ज्ञ बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. फलटणमधल्या 'कमला निंबकर बालभवन' या शाळेला नाव आहे ते याच बाईंचं.

पहिला प्रश्न: दिवस कसा जातो?

तपासणीला गेल्यावर पालकांना वाटतं, मुलाला लगेच टेबलाशी बसवून काहीतरी करायला लावतील. बहुतेक वेळा सुरुवात पालकांशी गप्पांनी होते. सकाळी किती वाजता उठतो? दात कोण घासतं? शी लागली हे सांगतो का? जेवताना एका जागी बसतो का? कुठला पदार्थ तोंडात घातला की ओकारी काढतो? झोपायला किती वेळ लागतो? काय खेळायला आवडतं आणि कुणाबरोबर?

या गप्पा साध्या दिसतात, पण अर्धी तपासणी इथेच होते. यात एक मेख आहे. "मूल हे करू शकतं का?" आणि "मूल हे रोज करतं का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडे एकत्र कुटुंबात चार-पाच वर्षांच्या मुलाला भरवणं हे लाडाचं लक्षण, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. त्यामुळे "स्वतःच्या हाताने जेवतो का?" याचं उत्तर 'नाही' आलं, तर त्याचे तीन अर्थ निघतात. हाताला जमत नाही. हाताला जमतं, पण कालवलेल्या भाताचा स्पर्श सहन होत नाही. किंवा दोन्ही जमतं, पण आजी संधीच देत नाही. तिन्हींवरचा उपाय पूर्ण वेगळा. तिसऱ्यात तर मुलापेक्षा आजींशी बोलावं लागतं, आणि ते सगळ्यात अवघड!

उलटंही घडतं. चारचौघांत कमीपणा वाटू नये म्हणून आईबाप "हो, हो, सगळं करतो" असं सांगून मोकळे होतात. म्हणून अनुभवी थेरपिस्ट नुसतं विचारत नाहीत, तर डबा उघडून मुलाच्या पुढ्यात ठेवतात. चप्पल काढायला-घालायला सांगतात आणि गप्प बसून बघतात. मूल तोल सांभाळायला भिंत धरतं का, दोन्ही हात एकत्र वापरतं का, अडलं की आईकडे बघतं की रडतं की सोडून देतं, हे सगळं टिपलं जातं. सोबत स्नायूंचा ताण, बसण्याची ढब, पकड, आवाज-उजेड-स्पर्श यांना मिळणारा प्रतिसाद हेही बघतात.

खेळात काय बघतात?

खेळाची तपासणी करताना थेरपिस्टची खरी कसोटी लागते, कारण "हे ठोकळे एकावर एक रच" असं सांगितलं की तो खेळ उरत नाही, ते काम होतं. म्हणून खोलीत खेळणी मांडून मुलाला मोकळं सोडतात.

अमेरिकेतल्या सुझन नॉक्स यांनी 1970 च्या दशकात मांडलेली आणि 1997 मध्ये सुधारलेली शाळापूर्व वयाच्या खेळाची एक मोजपट्टी आजही जगभर वापरतात. तिच्यात चार अंगांनी बघायचं असतं. मूल जागेचा वापर कसं करतं, वस्तू कशा हाताळतं, खोटंखोटं कितपत खेळतं आणि दुसऱ्यांत किती मिसळतं. निरीक्षण दोनदा, अर्धा-अर्धा तास, एकदा घरात आणि एकदा बाहेर. 'बाहेर' ही अट महत्त्वाची आहे. चार भिंतींत गप्प बसणारं मूल पुळणीवर वेगळंच असू शकतं.

अनिता बंडी यांनी आणखी एक प्रश्न जोडला: मूल खेळकर आहे का? म्हणजे ते स्वतःच्या मर्जीने खेळतंय का, खेळाची सूत्रं त्याच्या हातात आहेत का, करवंटीचा टोप आणि वाळूचा भात होऊ शकतो का, आणि "हे खोटंखोटं आहे" हा इशारा ते समोरच्याला देऊ शकतं का.

भातुकली आठवली ना? आपल्याकडे तिला पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेतात, पण एका वस्तूला मनाने दुसरी वस्तू मानणं ही फार मोठी उडी असते. भाषासुद्धा त्याच जातीची करामत आहे. शब्द म्हणजे तरी काय, एका गोष्टीच्या जागी दुसरी. म्हणून दोन वर्षं झाली तरी मूल बाहुलीला भरवत नाही, काहीही कानाला लावून फोन-फोन खेळत नाही, तेव्हा तज्ज्ञ कान टवकारतात.

आता सागरगोटे घ्या. सागरगोटा हे किनाऱ्यालगत वाढणाऱ्या एका काटेरी वेलीचं बी. करड्या रंगाचं, टणक आणि पाण्यावर तरंगणारं, म्हणून समुद्राच्या प्रवाहाबरोबर ते दूरवर पोहोचतं. एक गोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे आणि उडवलेला झेलायचा. थेरपिस्टच्या नजरेने बघितलं तर यात काय नाही? उडवण्याचा जोर मोजावा लागतो, डोळा वर आणि हात खाली अशी विभागणी करावी लागते. आधी उचललेले गोटे करंगळीच्या बाजूला मुठीत धरून अंगठा-तर्जनीने पुढचा उचलावा लागतो. शेवटचं कौशल्य फार बारीक आहे. बोटं अशी दोन गटांत वाटून वापरता आली की पेन्सिल धरणं, बटण लावणं, सुटे पैसे मोजून देणं सोपं जातं. वर मांडी घालून बसणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं आणि हरल्यावर भोकाड न पसरणं हेही आलंच. महागड्या किटमधून जे शोधायचं, त्यातलं बरंच आजीच्या डबीतल्या पाच बियांतही सापडतं.

ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, बोर्डीला (आता पालघर जिल्हा) ताराबाई मोडक यांनी 1945 पासून जी बालवाडी चळवळ उभी केली, तिचं सूत्र हेच होतं. साहित्य परिसरातलं घ्या आणि शाळा मुलांच्या अंगणात न्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथूनच आला. ती काही ऑक्युपेशनल थेरपी नव्हती, पण ओळखीच्या वस्तू आणि ओळखीची जागा मिळाली की मूल खरं दिसतं, हे दोन्हीकडे सारखंच लागू आहे.

मोजपट्टी परक्या गावची

इथे खरी अडचण सुरू होते. रोजच्या कामांसाठी 'पेडी' नावाची चाचणी जगभर प्रसिद्ध आहे. ती 1992 मध्ये अमेरिकेत आली, सहा महिने ते साडेसात वर्षं या वयासाठी. स्वतःची कामं, हालचाल आणि सामाजिक व्यवहार असे तिचे तीन भाग आहेत. चाचणी उत्तम, पण ती काट्याने खाणं आणि बाथटबमध्ये उतरणं-चढणं विचारते. आता मुरूडच्या मुलीने बाथटब बघितलाय कुठे? तिचे गुण कापायचे का?

आणि तिला जे येतं, ते विचारणारा प्रश्न कागदावर नाही. तांदळाची भाकरी एका हाताने मोडणं. उकिडवं बसून, तोल न जाऊ देता शौचाला जाणं, ज्यासाठी खुबा, गुडघा आणि घोटा तिन्ही नीट वाकावे लागतात. ओल्या पुळणीवरून चालणं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मासा खाणं! बोंबील सोपा. बांगड्याचा मधला काटा एकदा ओढला की बरंचसं काम झालं. पण मांदेलीचे बारीक काटे जिभेने ओळखून, तोंडातल्या तोंडात वेगळे करून बाहेर काढायचे, यात ओठ, जीभ, बोटं आणि लक्ष सगळंच कामाला लागतं. किनाऱ्यावरच्या घरात मुलाचं हे कधी जमलं ते आईला पक्कं आठवतं. चांगले थेरपिस्ट तेच विचारतात.

आपल्या मातीतल्या मोजपट्ट्या अजिबात नाहीत असं नाही. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय मुलांच्या निरीक्षणावरून विकासाची मापं बांधली. अमेरिकेतल्या व्हाइनलँड गावच्या संस्थेत एडगर डॉल यांनी 1930 च्या दशकात केलेली सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी भारतीय घरांना जुळवून घेतली. तिच्यात जन्मापासून 15 वर्षांपर्यंतची 89 कामं आहेत. ती मुख्यतः मानसशास्त्रज्ञ वापरतात. बौद्धिक अक्षमतेच्या दाखल्यासाठी केंद्र सरकारने 2018 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत याच मोजपट्टीचा आधार घेतला होता.

म्हणजे "स्वतः जेवतो का?" हा प्रश्न नुसता गप्पांचा नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अनेक सवलती 40 टक्के किंवा जास्त अक्षमतेला जोडलेल्या आहेत. फुगवून दिलेलं उत्तर मुलाला हक्काच्या मदतीपासून लांब ठेवू शकतं, आणि आजीच्या लाडामुळे आलेला 'नाही' मुलावर नको तो शिक्का मारू शकतो. कातकरी वाडीतलं कुटुंब हंगामात वीटभट्टीवर गेलेलं असेल आणि मुलाला सांभाळणारी नऊ वर्षांची बहीणच सोबत असेल, तर उत्तरं तिच्याकडूनच घ्यावी लागतात. बऱ्याचदा ती अचूक असतात.

मग जायचं कुठे?

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलं तपासतात. जन्मजात दोष, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातला उशीर या चार गोष्टी ते बघतात. शंका आली तर मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं अशी रचना आहे. रायगडचं जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. तिथे विचारताना "ऑक्युपेशनल थेरपिस्ट कोणत्या वारी असतात?" हे आधी फोनवर विचारा. श्रीवर्धनहून अलिबाग म्हणजे दिघीला जंगलजेटीने राजपुरीची खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरा, नाहीतर म्हसळा-माणगावचा वळसा घाला. एवढं करून "आज मॅडम नाहीत" ऐकायला नको.

एवढा प्रवास करून नव्या जागी पोचलेलं मूल खेळेलच याची खात्री नाही. म्हणून मोबाइलचा इथे चांगला उपयोग होतो. जेवताना, कपडे घालताना, अंगणात दुसऱ्या मुलांबरोबर खेळताना असे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ आधीच काढून ठेवा. शिकवून, नटवून काढू नका. चिडचिड झाली तर तीही येऊ द्या. हे व्हिडिओ थेरपिस्टला दाखवा, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. नेहमीचा डबा आणि आवडतं खेळणं बरोबर न्या.

किती थांबायचं? जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांचं निरीक्षण केलं, तेव्हा आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय सुमारे 8 ते साडेसतरा महिने इतकं पसरलेलं दिसलं. तेव्हा शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं म्हणून घाबरू नका. पण वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरतंय आणि दुसरा मुठीत आवळून ठेवतंय, येत असलेलं बोलणं किंवा खेळणं बंद झालंय, घास गिळताना रोज ठसका लागतोय, यातलं काही असेल तर वाट बघू नका, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

सुरुवातीच्या त्या वाळू टाळणाऱ्या मुलाचं काय? एवढ्यावरून स्वमग्नतेचा शिक्का मारता येत नाही. स्पर्श आणि आवाज जास्त टोचणं हे इतरही अनेक मुलांत दिसतं, आणि निदान करणं हे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांचं काम. थेरपिस्टच्या कागदावर त्याच्याबद्दल बहुधा दोन-तीन साध्या ओळी असतील: तीन महिन्यांत पुढची दोन बटणं स्वतः लावणं. पहिले पाच घास स्वतःच्या हाताने. आधी सुकी वाळू परातीत, मग पायरीवर, मग चप्पल काढून पुळणीवर दहा पावलं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि त्या दिवशी आजींनाही बरोबर आणा असं खाली लिहिलेलं असेल.