सुई अमरावतीत, माणूस अकोल्यात

यातले मामा नमुन्यादाखल घेतले आहेत, त्यांचं नाव-गाव शोधू नका. घड्याळ मात्र इन्सुलिनचं आहे आणि ते असंच चालतं.

संध्याकाळी 5. मे महिना. अमरावतीहून नवरदेवाकडची मंडळी निघतात. मामा वीस वर्षांपासून इन्सुलिन घेतात. साखर फार घसरून शुद्ध हरपली तर टोचायच्या ग्लुकागॉनची नारिंगी डबी फ्रिजच्या दारात आहे आणि तिथंच राहते, कारण बाहेर ठेवायची तर 25 अंशांच्या आत ठेवावी लागते. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. गाडीच्या डिकीचं तर विचारूच नका.

7.15. अकोला. या अमरावती–अकोला मार्गावर 2022 साली 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण झालं, गिनेस बुकात नोंद झाली. रस्त्याची घाई आपल्याला जमते, पंगतीची नाही.

8.00. "पानं मांडून राह्यले," असं कुणीतरी सांगतं. मामा आडोशाला जाऊन इन्सुलिन टोचून घेतात. साधं इन्सुलिन अर्ध्या तासात कामाला लागतं, त्याचा खरा जोर दोन ते चार तासांनी. आणि वरात अजून मारुतीच्या देवळाजवळच आहे.

8.45. भाच्याचं लग्न, मामा नाचणारच. नाचताना स्नायू रक्तातली साखर ओढतात. मांडवामागं दोन पेगही होतात. एरवी साखर घसरू लागली की यकृत सावरून घेतं; दारू निस्तरण्यात गुंतलं की नवी साखर तयार करणं मागं पडतं.

9.40. साखर 70 च्या खाली. एखाद्याला या टप्प्यावर दरदरून घाम फुटेल, हात कापतील. पण वर्षानुवर्षं इन्सुलिन घेणाऱ्या पुष्कळांच्या बाबतीत या खुणा बोथट होतात. मामांना काहीच जाणवत नाही. खरं तर सगळं अजून तीन चमचे साखरेत आटोपण्यासारखं आहे: साधारण 15 ग्रॅम साखर पाण्यात ढवळून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

10.10. 54 च्या खाली. आता उपाशी आहे तो मेंदू. मामांना स्वतःची चप्पल सापडत नाही, चप्पल दाखवणाऱ्या पोरावरच ते खेकसतात. जीभ जड झालेली.

"याले जास्त झाली वाट्टे."

तोंडाला वास येतोय, मग ग्लुकोमीटर कोण काढणार? त्यांना खुर्चीत बसवून लोक पंगतीकडं वळतात. सगळ्या रात्रीत मला सर्वांत जास्त राग येतो तो या मिनिटांचा. ग्लुकोमीटर पिशवीत होतं, पिशवी खुर्चीलाच टांगलेली होती.

10.35. मामा कोसळतात, झटके येतात. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल आणतं, कुणी सरबताचा पेला तोंडाला लावतं. या तिघांतलं सरबत सर्वांत घातक, कारण बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, ते श्वासनलिकेत उतरतं. त्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही.

10.40. मामी धावत येतात. "सुई फ्रिजमंदी हाये, अमरावतीले."

डबी असती तरी ती वापरणारा हात मांडवात एकच होता. तिच्यात भुकटी असते आणि पाणी भरलेली सिरिंज. कालवायचं आणि मांडीत टोचायचं. मोठ्या माणसाला 1 मिलिग्रॅम, लहान पोराला निम्मं. यकृतात साठवलेली साखर रक्तात उतरते, बहुधा 10 ते 15 मिनिटांत शुद्ध येते. दारू झालेली असली, पोट दिवसभर रिकामं असलं, तर गुण कमी येतो. म्हणून सुई टोचली तरी दवाखाना चुकत नाही.

10.50. 108 ला फोन. 2014 पासून ही रुग्णवाहिका राज्यभर धावते.

11.25. सर्वोपचार रुग्णालय. शिरेतून ग्लुकोज. मामा डोळे उघडतात. पाऊण तासाहून जास्त वेळ मेंदू साखरेविना होता. कुणाला यानंतर शुद्ध येतच नाही, कुणाचं भान अधू राहतं.

इन्सुलिन स्वतः टोचून घेता येतं. ग्लुकागॉनची गरज पडते तेव्हा आपण शुद्धीवरच नसतो, म्हणून ते शेजारच्यानं शिकायचं औषध आहे. प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळत नाही. डॉक्टरांशी बोलून आधीच मागवून ठेवा. प्रवासात थंड पिशवीत बरोबर न्या. आणि मुदत संपलेली डबी फेकण्याआधी घरातल्या दोघांना भुकटी कालवायला लावा, सुई संत्र्यात टोचायला लावा. अमरावतीत संत्र्यांना तोटा नाही.