कळफलक व संगणक यांमधील संदेशवहन

कळफलकावरील कळ दाबली किंवा सोडली असता त्याची वार्ता संगणकापर्यंत पोहोचविणारी यंत्रणा. टंकलेखन यंत्रात कळ व अक्षराचा ठसा तरफांनी जोडलेले असतात व त्यामुळे त्यांचा परस्परसंबंध कायमचा असतो. संगणकाच्या कळफलकात असा संबंध नसतो. पडद्यावर ‘क’ उमटला, तरी कळफलकाने ‘क’ पाठविलेला नसतो. अमुक स्थानावरील कळ दाबली गेली, एवढेच त्याने कळविलेले असते. ही कामाची विभागणी मात्र प्रारंभापासून नव्हती.

पूर्वपीठिका : फ्रेंच तारायंत्रतज्ञ एमील बोदो यांनी १८७४ साली एकस्व घेतलेल्या पद्धतीत अवघ्या पाच कळा होत्या. प्रत्येक अक्षराचा पाच घटकांचा संकेत प्रेषकाने स्वतः पाठ करावयाचा व फिरत्या वितरकाच्या ठेक्यावर बोटांनी दाबावयाचा, अशी ही रीत होती. म्हणजे संकेतनाचे काम यंत्र नव्हे, तर माणूसच करी. विसाव्या शतकाच्या प्रारंभी डॉनल्ड मरी यांनी टंकलेखन यंत्रासारखा कळफलक योजून ते ओझे यंत्रावर टाकले. १९६३ मध्ये बाजारात आलेल्या टेलेटाइप ३३ या दूरमुद्रकात त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली ‘आस्की’ ही सात द्विमान अंकांची अमेरिकन संकेतावली वापरली होती. प्रत्येक अक्षरासाठी अकरा घटक व सेकंदास दहा अक्षरे हा त्याचा वेग. पुढे संगणकांची अग्रे म्हणून हीच यंत्रे वापरली गेली. त्यांत अक्षर कोणते हे कळफलकातच ठरत असे. साहजिकच लिपी बदलावयाची, तर कळा व छाप उमटविणारा भाग दोन्ही बदलणे भाग पडे.

स्थानदर्शक संकेत : आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आणलेल्या वैयक्तिक संगणकाने वेगळी वाट धरली व तिचाच पुढे सर्वत्र प्रसार झाला. त्याच्या ८३ कळांच्या कळफलकात इंटेल ८०४८ हा सूक्ष्मनियंत्रक बसविलेला होता. कळांखाली आडव्या व उभ्या तारांची जाळी असते. नियंत्रक तारांच्या एका संचाला क्रमाने संदेश देऊन दुसऱ्या संचातील कोणत्या तारेवर तो उमटतो, हे पाहतो. स्पर्शक जुळताना काही सहस्रांश सेकंद थरथरतो. ती थरथर म्हणजे अनेक दाब नव्हेत, हेही त्यालाच ओळखावे लागते. जाळीतील आयताच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्यास चौथीही दाबल्याचा भास होतो. प्रत्येक कळेजवळ द्विप्रस्थ बसविल्यास हा दोष टळतो; पण खर्च वाढतो, म्हणून स्वस्त कळफलकांत तो राहूनच जातो.

कळ ओळखली की नियंत्रक तिचा क्रमांक एकामागून एक द्विमान अंकांनी, कालस्पंदांच्या तालावर पाठवितो. इंग्रजी ‘के’ कळेचा क्रमांक ३७; सोडल्यावर त्यात १२८ मिळवून १६५. क्रमांक पोहोचताच संगणकाचे चालू काम क्षणभर थांबते व त्यातील कार्यक्रम क्रमांकावरून अक्षर ठरवितो. लहान लिपी की मोठी, हा निर्णयही तोच घेतो. तयार अक्षरे पंधरा जागांच्या रांगेत थांबतात. रांग भरली, की यंत्र शीळ घालते. या पद्धतीतील उणीव अशी, की संगणकाला कळफलकास काही सांगता येत नसे. मोठ्या लिपीची कळ अडकविलेली आहे की नाही, हे दर्शविणारा दिवाही त्यावर नव्हता.

१९८४ च्या ‘एटी’ प्रतिमानात संदेशवहन दुतर्फा झाले. प्रारंभ अंक, आठ माहिती अंक, समता अंक व समाप्ती अंक असा अकरा अंकांचा संदेश रूढ झाला आणि दिवे लावण्याची आज्ञा संगणक देऊ लागला. क्रमांकही बदलले : ‘के’ आता ६६, सोडल्यास २४० व मागून ६६. तथापि जुने कार्यक्रम बिघडू नयेत म्हणून संगणकातील ८०४२ नियंत्रक नवे क्रमांक पुन्हा जुन्यांत रूपांतरित करी. एका तडजोडीसाठी केलेली ही उलटसुलट भाषांतराची सोय कित्येक दशके तशीच चालू राहिली. १९८७ च्या ‘पीएस/२’ मालिकेने खुंटीचा आकार तेवढा बदलला.

भारतीय लिपी : अक्षर ठरविण्याचे काम संगणकाकडे गेल्याचा खरा लाभ येथे झाला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये ‘इनस्क्रिप्ट’ ही कळरचना प्रमाण ठरविली. १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ मध्ये तिचा अंतर्भाव झाला. ‘के’च्या जागी क, ‘एच’च्या जागी प, डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने अशी तिची मांडणी आहे. विविध भारतीय लिप्यांत तेच वर्ण त्याच जागी येतात. परदेशी बनावटीच्या कळफलकातील एकही तार न बदलता मराठी मजकूर लिहिता येऊ लागला. कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्र पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेने (स्थापना १९८८) पुढे नेले.

यूएसबी पद्धती : १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मानकात कळफलक आपण होऊन बोलत नाही, यजमान संगणक ठराविक अंतराने, सामान्यतः आठ-दहा सहस्रांश सेकंदांनी, विचारतो व तो उत्तर देतो. उत्तराच्या साध्या नमुन्यात आठ अष्टके असतात : पहिले शिफ्टसारख्या आठ कळांचे, दुसरे राखीव व उरलेली सहा त्या क्षणी दाबलेल्या कळांच्या क्रमांकांची. ‘के’चा क्रमांक येथे १४ आहे. सुटल्याची वेगळी वार्ता नसते. मागील यादीत असलेली कळ नव्या यादीत नसली, की ती सुटली असे संगणक समजतो. जुन्या पद्धतीत सुटल्याची वार्ता हरवल्यास कळ दाबलेलीच मानली जाई. सहांहून अधिक कळा एकदम दाबल्यास या नमुन्यात यादीऐवजी चुकीची खूण येते. वाद्यवादन किंवा खेळ यांसाठी म्हणून वेगळे नमुने वापरतात.

स्वतःची ओळख उपकरणानेच करून द्यावयाची व यजमानाने ती मान्य करावयाची, ही यूएसबीची सोय संकटासही वाट देते. कार्स्टेन नोल व याकोप लेल यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की साध्या स्मृतिकांडीतील नियंत्रकाचा कार्यक्रम बदलल्यास ती स्वतःस कळफलक म्हणवून घेऊन संगणकाला आज्ञा देऊ शकते. काही स्वस्त बिनतारी कळफलक दाबलेल्या कळा गुप्त संकेतांत न बदलताच प्रक्षेपित करतात व जवळपासच्या ग्राहीने त्या टिपता येतात, हे २०१६ मध्ये उघडकीस आले.