चौकट, नळी आणि परवाना : सातपुड्याच्या पायथ्याच्या एकबारी बंदुकीचा इतिहास

प्रस्तावना :

बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. उत्तरेस डोंगररांगा व १९९७ मध्ये घोषित झालेले अंबाबरवा अभयारण्य, तर दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील कपाशीची काळी जमीन, अशी त्याची भौगोलिक स्थिती आहे. रान आणि शिवार जेथे एकमेकांना भिडतात, तेथे रानडुकरांपासून पीक राखणे हा शेतकऱ्यापुढील कायमचा प्रश्न असतो. त्यासाठी बंदूक हवी असल्यास ती कोणत्या प्रकारची असावी, हे मात्र केवळ शेतकऱ्याच्या गरजेवर ठरत नाही. प्रस्तुत लेखात एकबारी, म्हणजे एका वेळी एकच बार काढणाऱ्या, बंदुकीची चौकट आणि तिला जोडली जाणारी नळी यांच्या संबंधाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. चौकटीची निवड ही केवळ तांत्रिक बाब नसून नळी बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, याचा तो निर्णय असतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

सोनाळ्याच्या पूर्वेकडील टापूत नरनाळा किल्ला आणि आडगाव ही दोन महत्त्वाची स्थळे आहेत. नरनाळ्यावरील ‘नऊगजी’ तोफ प्रसिद्ध आहे. आडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. पुढे १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यावरील निजामाचे सार्वभौमत्व नाममात्र शिल्लक असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्र हुकुमाने लागू करावे लागत.

या काळापर्यंतच्या तोड्याच्या व ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरली जाई. नळीची मागील बाजू कायमची बंद असे. त्यामुळे चौकट आणि नळी यांचा स्वतंत्र विचार करण्याचे फारसे प्रयोजन नव्हते. मागून काडतूस भरण्याची पद्धत रूढ झाल्यावर ही स्थिती पालटली. काडतुसाच्या मागे भक्कम आधार देणारी व चाप-खटक्याची यंत्रणा सामावणारी चौकट हा एक भाग, आणि गोळीचा व्यास व दिशा ठरविणारी नळी हा दुसरा भाग झाला.

चौकट कायम, नळी वेगळी :

ब्रिटिश सैन्याने १८६६ मध्ये स्वीकारलेल्या स्नायडर पद्धतीत जुन्या एन्फील्ड बंदुकीची नळी कायम ठेवून तिच्या मागे काडतूस भरण्याची नवी यंत्रणा बसविण्यात आली. १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री मात्र मुळातच नव्या रचनेची होती. तिच्या नावातच दोन भागांचा इतिहास आहे. ‘मार्टिनी’ हे नाव चौकटीतील यंत्रणेचे, तर ‘हेन्री’ हे एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीने योजलेल्या आट्यांच्या नळीचे. पुढे ०.३०३ व्यासाच्या नळ्या आल्या तेव्हा तीच चौकट मार्टिनी-मेटफोर्ड आणि मार्टिनी-एन्फील्ड या नावांनी ओळखली जाऊ लागली. चौकटीचे नाव टिकले, नळीचे बदलले. हा बदल अर्थातच कारखान्यात होत असे. नळी चौकटीत पेचाने घट्ट बसविलेली असल्याने सैनिकाला ती स्वतः बदलण्याची सोय नव्हती.

नळीतून राबविलेली सत्ता :

हिंदुस्थानात या तंत्राचा वापर वेगळ्या हेतूनेही झाला. १८५७ च्या उठावानंतर हिंदी पलटणींसाठी एन्फील्ड बंदुकीच्या नळीतील आटे काढून ती गुळगुळीत करण्यात आली. बाह्यतः बंदूक तीच राहिली; तिचा पल्ला आणि अचूकता मात्र घटली. विसाव्या शतकात बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ली-एन्फील्ड रायफलचे रूपांतर ०.४१० व्यासाच्या गुळगुळीत नळीच्या एकबारी बंदुकीत करण्यात आले. गोळ्यांचे घर बंद करून ती पोलीस व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना देण्यात आली. याच घराण्यातील यंत्रणेवर ०.३१५ व्यासाची नळी चढली, की तीच रायफल परवानाधारक नागरिकासाठी योग्य ठरली, कारण ०.३०३ हे लष्करी काडतूस नागरिकांना निषिद्ध होते. सैनिक, शिपाई आणि नागरिक यांच्यातील भेद अशा रीतीने चौकटीने नव्हे, तर नळीने निश्चित केला.

दोन प्रकारच्या चौकटी :

अमेरिकेत हाच प्रश्न ग्राहकाच्या निवडीचा झाला. मधोमध मोडणाऱ्या एकनळीत नळी बिजागरीच्या खिळीवर टेकलेली असते. त्यामुळे ती काढणे सुलभ असते. थॉम्प्सन-सेंटर कंपनीने १९६७ मध्ये आणलेल्या ‘कंटेंडर’मध्ये मालक स्वतः नळी बदलू शकत असे. हॅरिंग्टन अँड रिचर्डसनच्या स्वस्त एकनळीत मात्र जादा नळी चौकटीशी कारखान्यात जुळवून घ्यावी लागे. चौकट आणि नळी यांतील फट योग्य राहणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्याने या पद्धतीला तांत्रिक आधार होता. पहिलीत स्वातंत्र्य अधिक, दुसरीत खर्च कमी. तेथे १९६८ च्या कायद्याने चौकटीलाच बंदूक मानल्यामुळे सुटी नळी हा केवळ एक भाग ठरला, आणि एका चौकटीवर अनेक नळ्या बाळगणे सोयीचे झाले.

भारतीय कायदा आणि शेतकरी :

भारतात कायद्याची दिशा भिन्न राहिली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रांचे भागही ‘शस्त्र’ या संज्ञेत घेतले. १९५९ च्या कायद्यानेही बंदुकीच्या भागांचा समावेश ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येत केला. म्हणजे येथे सुटी नळीदेखील कायद्याच्या कक्षेत येते. कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्गातील शस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करण्यासही हेच बंधन घातले. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली.

सोनाळ्यासारख्या गावाच्या दृष्टीने कलम १३(३) सर्वांत महत्त्वाचे आहे. संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, अशी विभागणी तेथे आहे. ठासणीची बंदूक पीकरक्षणास अपुरी असल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास त्याला अन्य गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करता येते. अंधारात, पावसाळी हवेत ठासणी भरण्यास लागणारा वेळ आणि ओली होणारी दारू लक्षात घेता हे परंतुक शेतकऱ्यासाठी किती मोलाचे आहे, हे सांगावयास नको. त्यातही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुकराच्या शिकारीची परवानगी नव्हे. ती वेगळी घ्यावी लागते.

निष्कर्ष :

कोणती चौकट चांगली, या प्रश्नाचे उत्तर समाजागणिक बदलते. अमेरिकेत ते मालक आणि कारखाना यांच्यात शोधले गेले. भारतात ते शासनाने आपल्याकडे राखले. वसाहतकालीन राज्यकर्त्यांनी अविश्वासापोटी नळीवर नियंत्रण ठेवले. स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही ते नियंत्रण सोडले नाही. मात्र त्यात पीकरक्षणाच्या गरजेला स्पष्ट स्थान दिले. सुट्या नळीवरील नियंत्रण सार्वजनिक सुरक्षिततेसाठी समर्थनीय आहे. परंतु ठासणी की काडतुसाची एकनळी, हा निर्णय शेताच्या बांधावरील परिस्थिती पाहून व्हावा, ही परंतुकामागील अपेक्षा आहे. तिची पूर्तता कितपत होते, हे तालुकानिहाय परवाना-नोंदींच्या अभ्यासातूनच स्पष्ट होऊ शकेल. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या साधनाकडे वळणे अगत्याचे आहे.