टंकाला लागलेले वळण

‘वळण’ हा शब्द मराठीत अक्षराच्या घाटासाठी वापरला जातो, तसाच अंगी मुरलेल्या सवयीसाठीही. हस्ताक्षराचा आभास निर्माण करणाऱ्या मुद्रणटंकांचा विचार करताना हे दोन्ही अर्थ एकत्र ध्यानी घ्यावे लागतात. ग्लासगोचे वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश (१८६८–१९२८) यांच्या अक्षरांवरून फिल ग्रिमशॉ यांनी रचलेला ‘रेनी मॅकिंटॉश’ हा टंक (इंटरनॅशनल टाइपफेस कॉर्पोरेशन, १९९६) या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

हा टंक शीर्षकांसाठीचा. सलग मजकुरासाठीचा नव्हे. त्यातील अक्षरे उंच, अरुंद, अंग चोरून उभी आहेत. आडव्या रेषा मध्यावरून ढळल्यामुळे ती किंचित विक्षिप्त भासतात. मॅकिंटॉश यांच्या हातून मात्र हा विक्षिप्तपणा प्रसंगपरत्वे घडत होता. ते मुद्राक्षरकार नव्हते; त्यांची अक्षरे भित्तिपत्रकांत आणि वास्तूंच्या आराखड्यांवर विखुरलेली आहेत. ‘द स्कॉटिश म्युझिकल रिव्ह्यू’साठी त्यांनी १८९६ मध्ये केलेले भित्तिपत्रक सुमारे अडीच मीटर उंचीचे आहे. त्यातील लांबवलेली मानवाकृती, उभ्या रेषा आणि अक्षरे हे एकाच रचनेचे घटक होत. तेथे अक्षराची रुंदी शेजारची आकृती ठरवते.

वॉल्टर बेंजामिन यांच्या १९३६ च्या निबंधाचा आधार घेऊन येथे ‘मूळ कृतीचे तेजोवलय हरपले’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे, कारण ते भित्तिपत्रकही शिळाछापाचेच होते. खरा भेद आहे तो एका विशिष्ट संहितेसाठी काढलेले अक्षर आणि कोणत्याही संहितेसाठी सज्ज असलेले अक्षर यांतला. पहिल्यात विचलन हा निर्णय असतो. दुसऱ्यात त्याचा नियम होतो. एका शब्दात तेच अक्षर दोनदा आले की टंकातील हाताचा आभास उघडा पडतो, कारण हात तेच अक्षर दुसऱ्यांदा तंतोतंत तसे काढत नाही.

पुढे हे वळण ग्लासगो शहराची ओळख बनले. स्मरणवस्तूंवर आणि फलकांवर त्याच्या इतक्या नकला झाल्या की ‘मॉकिंटॉश’ हा उपहासवाचक शब्दच रूढ झाला. दरम्यान, मॅकिंटॉश यांची तेथील प्रमुख वास्तू असलेल्या ग्लासगो स्कूल ऑफ आर्टचे (१८९७–१९०९) ग्रंथालय २०१४ च्या आगीत नष्ट झाले. जीर्णोद्धार चालू असताना १५ जून २०१८ च्या रात्री लागलेल्या दुसऱ्या आगीत ती वास्तू आतून जळून गेली. हाताने घडलेली जागा गेली. हाताची खूण तेवढी सर्वत्र उपलब्ध राहिली.

साहित्यातील शैलीचा प्रश्न याहून फारसा वेगळा नाही. लेखकाचे विचलन अनुकरणातून संकेत बनते आणि मग आपण त्या संकेतालाच त्याचा ‘आवाज’ म्हणू लागतो. संकेताचे वर्णन करणे सोपे असते. तो ज्या निर्णयातून निर्माण झाला, तो निर्णय त्या त्या संहितेत शोधणे हे समीक्षेचे काम आहे, आणि ती संहिता शाबूत आहे तोवरच ते करता येते.