एक गडी राखून

हिंदू 203 आणि 315. मुस्लिम 221 आणि 9 बाद 298.

मुंबईच्या पंचरंगी सामन्यांतल्या 1944 सालच्या अंतिम लढतीचा हा धावफलक. ज्यांनी क्रिकेट थोडंफार पाहिलंय, त्यांना यापुढे काही सांगायला नको. चौथ्या डावात 298 धावा हव्या होत्या आणि नऊ गडी बाद झाले होते. सलामीला आलेला के. सी. इब्राहिम एका टोकाला उभाच होता. अकरावा फलंदाज त्याच्या जोडीला होता आणि ब्रेबॉर्न स्टेडियम खच्चून भरलं होतं. मुस्लिम संघ एक गडी राखून जिंकला. इब्राहिम नाबाद 137.

आमच्या घरात हा आकडा पाढ्यासारखा पाठ असायचा. माझे नाना त्या काळी क्रॉफर्ड मार्केटात एका फळांच्या गाळ्यावर हिशेब लिहायचे आणि रोज वसईहून ये-जा करायचे. शेवटच्या दिवशी ते स्टेडियममध्ये होते. पण त्यांच्याकडून त्या शेवटच्या जोडीचं वर्णन ऐकायला मिळायचं नाही, कारण त्यांनी ती पाहिलीच नव्हती. पुढच्या बाकावरच्या माणसाच्या टोपीकडे ते टक लावून बसले होते. मैदानाकडे पाहिलं की गडी बाद होतो, अशी त्यांची पक्की समजूत झालेली. अशी माणसं आजही घरोघरी असतात. सामना ऐन रंगात आला की त्यांना स्वयंपाकघरात पाठवावं लागतं, आणि तिथून ती दर मिनिटाला विचारतात, "काय झालं?"

वसई-विरारच्या माणसाला हे सामने पाहता आले ते रेल्वेमुळे. विरारहून मुंबईच्या बॅकबेला पहिली लोकल 1867 साली धावली, पण ती वाफेची, आणि दिवसभरात मोजकीच. विजेची गाडी विरारपर्यंत आली 1936 मध्ये. पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये, चर्चगेट स्टेशनला अगदी खेटून ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं. म्हणजे बेसिन रोडला (वसई रोड स्टेशनचं तेव्हाचं नाव) गाडीत बसायचं, शेवटच्या स्टेशनला उतरायचं आणि चार पावलं चालून आत शिरायचं. त्याआधी हे सामने बॉम्बे जिमखान्यावर होत. तो जिमखाना गोऱ्यांचा. एतद्देशीय माणसाला एरवी तिथे सभासद म्हणून प्रवेश नव्हता.

नानांच्या डब्यात तेव्हा तीन पक्ष होते. आगाशीचे एक वाडवळ गृहस्थ हिंदू संघाचे. सांडोरचा एक ख्रिस्ती बागायतदार, विड्याच्या पानांच्या व्यापारातला, तो 'द रेस्ट' या संघाचा. आणि नाना. पंचरंगीच्या दिवसांत त्यांच्या गप्पांना धार यायची, एरवी त्या भाजीच्या भावावर चालायच्या. अंतिम सामन्याला बागायतदाराचा संघ बाहेर पडलेला होता. त्यामुळे त्या आठवड्यात क्रिकेटविषयी सर्वांत शहाणं बोलणं त्याचंच होतं, असं नाना सांगायचे.

आजच्या वाचकाला हे सगळं विचित्र वाटेल. धर्मावरून संघ? म्हणून थोडा मागचा हिशेब सांगतो. सुरुवात 1877 मध्ये पारशी आणि युरोपियन यांच्यातल्या सामन्याने झाली. 1907 मध्ये हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. 1912 मध्ये मुस्लिम आले, चौरंगी झाले. 1937 मध्ये ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरे उरलेल्यांचा 'द रेस्ट' आला आणि पंचरंगी झाले. जिमखानेही तसेच. मरीन लाइन्सला समुद्रालगत पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांची मैदानं आजही आहेत. ही विभागणी कुणी कट करून केली असं नाही. त्या काळी मुंबईचा माणूस राहायचा जमातीत, लग्न जमातीत, धर्मादाय दवाखाना जमातीचा. मग क्रिकेटही तसंच रुजलं.

पण 'आपला' संघ म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न प्रत्येक संघात होता. पाळवणकर बाळू हा त्या काळातला हिंदुस्थानचा सर्वांत मोठा फिरकी गोलंदाज. जातीने चांभार. मैदानावर त्याच्या हातातला चेंडू सगळ्यांना चालायचा, पण पुण्यात चहा मात्र त्याला वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल 1923 मध्ये कर्णधार झाला, तोही मोठ्या भांडणानंतर. त्या वर्षी हिंदू जिंकले. मुस्लिम संघाचंही तसंच, प्रकार वेगळा. वजीर अली, मोहम्मद निसार, अमीर इलाही हे पंजाबचे, मुश्ताक अली इंदूरचे. कोकणी बोलणाऱ्या, भात-मासळी खाणाऱ्या वसई-सोपाऱ्याच्या मुसलमानाचं आणि त्यांचं जेवण एक नव्हतं, भाषाही एक नव्हती. नाना तरी त्यांना 'आमची पोरं' म्हणायचे. चेंडू हवेत असताना भूगोल कुणाला आठवतो?

सांडोरच्या बागायतदाराचाही एक दिवस होता, आणि तो पराभवाचा होता. 1943 चा अंतिम सामना. हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव घोषित केला, विजय मर्चंट नाबाद 250. द रेस्टचा पहिला डाव 133 वर आटोपला. फॉलोऑननंतर सांगलीचे विजय हजारे उभे राहिले. एकूण 387 धावांपैकी 309 त्यांच्या एकट्याच्या. धाकट्या भावाबरोबर त्यांनी 300 धावांची भागी केली, आणि त्यात भावाच्या धावा होत्या 21. तरीही एक डाव आणि 61 धावांनी हार. या डावाबद्दल त्या ख्रिस्ती गृहस्थाच्या डोळ्यांत जी चमक यायची, ती नानांच्या डोळ्यांत 1944 च्या विजयाबद्दलही नव्हती. हे कबूल करताना नानांना किंचित असूया वाटायची.

आता अवघड भाग. या सामन्यांवर टीका होत होती आणि ती योग्य होती. डिसेंबर 1940 मध्ये गांधीजींनी जाहीरपणे सांगितलं, की खेळाच्या मैदानावर जमातवार संघ असावेत हे आपल्याला पटत नाही. हिंदू जिमखान्याने त्या वर्षी माघार घेतली आणि त्यांच्या गैरहजेरीत मुस्लिमांनी करंडक जिंकला. अशा करंडकाची चव काय लागणार! ज्यांच्या आवाजाने रेडिओवरचं क्रिकेट मुंबईच्या घराघरांत नेलं, ते बॉबी तल्यारखान पुढे याच सामन्यांच्या विरोधात लिहू लागले. 1944 चा सप्टेंबर आठवा. मलबार हिलवर जिनांच्या बंगल्यात गांधी आणि जिना आठवडेच्या आठवडे बोलत होते, आणि ते बोलणं फिसकटलं. त्याच शहरात, त्याच हिवाळ्यात, हिंदू आणि मुस्लिम या नावांचे दोन संघ एका विकेटच्या अंतरावर येऊन थांबले होते.

नानांच्या छातीतली धडधड ही नुसती हरण्या-जिंकण्याची नव्हती. टोपीकडे टक लावून बसलेल्या माणसाच्या मनात दुसराही हिशेब चालू होता. जिंकलो तर बाहेर रस्त्यावर काय होईल? हरलो तर? डब्यात आगाशीच्या गृहस्थांसमोर बसायचं कसं? संघाला जमातीचं नाव दिलं की खेळ संपल्यावरही खेळ संपत नाही.

त्या संध्याकाळी रस्त्यावर काहीही झालं नाही. हिंदू प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. हिंदूंचे कर्णधार विजय मर्चंट मुस्लिमांच्या तंबूत गेले आणि त्यांनी मुश्ताक अलींना मिठी मारली. ही मिठी औपचारिक नव्हती. आठ वर्षांपूर्वी, 1936 मध्ये, मँचेस्टरच्या कसोटीत हेच दोघे हिंदुस्थानचे सलामीवीर होते. इंग्लंडविरुद्ध दोघांची 203 धावांची सलामी, मर्चंट 114, मुश्ताक 112. परदेशात कसोटी शतक ठोकणारा पहिला हिंदी फलंदाज मुश्ताक. आणि या मुश्ताकला 1945 मध्ये कलकत्त्याच्या सामन्यातून वगळलं, तेव्हा तिथल्या लोकांनी असा दंगा केला की निवडकर्त्यांना त्याला संघात घ्यावंच लागलं. घोषणा देणाऱ्या त्या बंगाली पोरांनी त्याचा धर्म विचारला नव्हता.

आमच्यातले काही लोक पंचरंगीची आठवण काढून उसासे टाकतात. तेव्हा आपलाही एक संघ होता, म्हणतात. मला हा उसासा कळतो. पण 1946 मध्ये ते सामने कायमचे बंद झाले ते उत्तम झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. मर्चंटांची मिठी खरी होती, पण ती मर्चंटांच्या स्वभावातून आली होती, स्पर्धेच्या नियमातून नव्हे. पुढच्या वर्षी कर्णधार दुसरा असता तर? शिवाय तो 'आपला संघ' नंतर उरला तरी कुठे? अमीर इलाही आणि गुल मोहम्मद भारताकडून कसोटी खेळले, मग पाकिस्तानकडूनही खेळले. इब्राहिम 1948-49 मध्ये भारताकडून चार कसोट्या खेळला. पदार्पणात दिल्लीला 85 आणि 44. नंतर तो कराचीला गेला आणि 2007 मध्ये तिथेच वारला. मुश्ताक अली इंदूरलाच राहिले. आज देशातली टी-ट्वेंटी स्पर्धा त्यांच्या नावाने भरते, आणि त्यात खेळणाऱ्या किती पोरांना ते नाव कुणाचं हे ठाऊक असेल, देव जाणे.

जमातीचं नाव काढून घेतलं म्हणून जिवाची घालमेल कमी होत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. मे 1991, वानखेडे, रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध कपिल देवचा हरियाणा. मुंबईला हव्या होत्या 355. तेंडुलकर 96 करून गेला. दिलीप वेंगसरकर एका टोकाला, पायात गोळे आलेले, नाबाद 139. शेवटचा गडी अॅबी कुरुविला धावचीत झाला आणि मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर मैदानावरच रडले. आम्ही नालासोपाऱ्यात ट्रान्झिस्टरभोवती बसलो होतो, आठ-दहा जण, सगळ्या आळीतले. कुणी कुणाशी बोललं नाही. कुरुविला ख्रिस्ती आहे, हे त्या दिवशी कुणाच्याही तोंडून आलं नाही. तो मुंबईचा अकरावा फलंदाज होता, एवढंच. नाना तेव्हा हयात होते. म्हणाले, "असं हरावं. हरल्याचं दुःख नुसतं हरल्याचंच असावं."

ते सुख पुढे टिकलं नाही. 24 ऑक्टोबर 2021 ला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. अकराच्या अकरा जण हरले होते, पण शिव्या वेचून मोहम्मद शमीला. विराट कोहलीने पत्रकारांसमोर त्याची बाजू स्वच्छ शब्दांत घेतली, हेही नोंदवायला हवं. पण तेव्हापासून आमच्या घरात सामना पाहताना नानांचा तो दुसरा हिशेब परत आला आहे. भारत जिंकावा ही दुआ सगळ्यांची. त्याच्याखाली आणखी एक, दबक्या आवाजातली: शमीच्या, सिराजच्या हातून आज झेल सुटू नये.

15 नोव्हेंबर 2023. वानखेडेवर विश्वचषकाची उपांत्य लढत. भारत 397. न्यूझीलंडचे विल्यमसन आणि मिचेल जमलेले. बुमराच्या चेंडूवर विल्यमसनचा सोपा झेल मिड-ऑनला उडाला आणि शमीच्या हातून निसटला. आमच्या दिवाणखान्यात सगळे एकदम गप्प झाले. माझ्या बहिणीने रिमोट उचलून आवाज बंद केला. भाच्याने फोन उलटा करून ठेवला.

थोड्या वेळाने शमी गोलंदाजीला आला. एकाच षटकात विल्यमसन झेलबाद, लॅथम पायचीत. मग आणखी, मग आणखी. 57 धावांत सात बळी. भारत 70 धावांनी जिंकला. बहिणीने आवाज पुन्हा चालू केला तेव्हा अख्खं वानखेडे त्याच्या नावाचा गजर करत होतं. भाचा म्हणाला, त्याचे दोन मित्र स्टेडियमात आहेत, विरारची शेवटची लोकल मिळाली तर पहाटेपर्यंत पोचतील.