बेघरांना मदत करातून की दानातून? ख्रिस्ती समाजातली दोन मते

बेघरांना मदत करावी की नाही, यावर ख्रिस्ती समाजात वाद नाही. वाद आहे तो पैसा कुठून यावा यावर. सरकारने सगळ्यांकडून कर घेऊन खर्च करावा, की ज्याने त्याने मर्जीने द्यावे? अमेरिकेत हा वाद जास्त ऐकू येतो. तिथल्या सरकारी मोजणीत जानेवारी २०२४ मध्ये एका रात्री ७ लाख ७१ हजारांहून जास्त लोक बेघर आढळले. दोन्ही बाजू आम्ही इथे थोडक्यात देत आहोत.

दोघांनाही मान्य काय?
बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २५ वा अध्याय. भुकेल्याला जेवण, परक्याला आसरा आणि उघड्याला कपडा देणे म्हणजे खुद्द येशूची, म्हणजेच हजरत ईसा (अ.स.) यांची सेवा, असा त्याचा आशय आहे.

दानाच्या बाजूचे
पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दान मनापासून असावे, जबरदस्तीने नको, असे सांगितले आहे. कर चुकवला तर शिक्षा होते, मग त्यात दया कुठे राहिली, असे हे लोक विचारतात. लेखक मार्विन ओलास्की यांनी १९९२ च्या पुस्तकात हीच बाजू मांडली. सरकार पैसे देते, पण माणसाला ओळखत नाही, असा त्यांचा आक्षेप.

कराच्या बाजूचे
तोच पौल रोमकरांच्या पत्रात कर भरायला सांगतो, याची हे लोक आठवण देतात. तौरातमध्ये शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडण्याचा हुकूम आहे. तो मर्जीचा मामला नव्हता. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, गरिबांसाठी कर वसूल होऊ लागला. अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनीही १९८६ च्या पत्रात म्हटले की नुसते दान पुरत नाही, सरकारचीही जबाबदारी आहे.

मधला मार्ग
१९९६ च्या अमेरिकन कायद्याने धार्मिक संस्थांना समाजसेवेसाठी सरकारी निधी मिळण्याची वाट मोकळी केली. त्यातली एक अट अशी: थेट मिळालेला पैसा उपासनेवर किंवा धर्मप्रचारावर खर्च करायचा नाही.

वाद पुस्तकी नाही
ओरेगॉन राज्यातल्या ग्रँट्स पास शहरात उघड्यावर अंथरूण टाकून झोपणाऱ्यांना दंड होत असे. बेघर प्रौढांना जागा देणारा मुख्य निवारा एका ख्रिस्ती संस्थेचा होता आणि तिथे राहायचे तर प्रार्थनेला हजर राहावे लागे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. कॅथलिक बिशपांची परिषद बेघरांच्या बाजूने उभी राहिली, तरी जून २०२४ मध्ये निकाल ६ विरुद्ध ३ असा शहराच्या बाजूने लागला.

जकात आणि सदका यांतला फरक घराघरात माहीत असलेल्या आपल्या वाचकांना या वादाचे मर्म लगेच कळेल. दान देणारा आपली अट घालू शकतो. पण ती अट ज्याला मान्य नाही, त्याने रात्री झोपायचे कुठे? दानाची बाजू घेणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागते. आणि कर भरून आपले काम संपले असे मानणाऱ्यांना मत्तयाचा तो २५ वा अध्याय पुन्हा वाचावा लागतो.