कृत्रिम पाऊस : अहिल्यानगर जिल्हा व परिसर

कृत्रिम पाऊस (मेघरोपण) : पाऊस देण्याच्या बेतात असलेल्या ढगात मीठ किंवा सिल्व्हर आयोडाइडचे सूक्ष्म कण सोडून त्यातील पाण्याचा अधिक भाग जमिनीवर उतरवण्याची पद्धत. या पद्धतीने नवा ढग तयार होत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याबाबत तिचा विचार करताना मुख्य आधार मिळतो तो बारामती आणि सोलापूर येथील प्रयोगांचा, कारण जिल्ह्याचा बहुतांश भाग आणि ही दोन्ही ठिकाणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतात.

पर्जन्यस्थिती : १७,०४८ चौ. किमी. क्षेत्राचा हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडी यांसारख्या घाटमाथ्यालगतच्या गावांत मुसळधार पाऊस पडतो आणि त्यावर भंडारदरा व मुळा ही धरणे भरतात. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने घटतो. पाथर्डी, जामखेड, कर्जत, श्रीगोंदा या तालुक्यांची जिरायती शेती सुमारे ५०० ते ६०० मिमी. पावसावर, त्यातही बरीचशी सप्टेंबरच्या परतीच्या पावसावर अवलंबून असते. पावसाळ्यात येथे आभाळ भरून येते, पण बरेच ढग न बरसताच पुढे सरकतात.

तत्त्व : ढगातील बहुतेक थेंब इतके बारीक असतात की ते हवेतच तरंगत राहतात. उबदार ढगाच्या तळाशी, वर चढणाऱ्या हवेत मिठाचे कण सोडले, की ते बाष्प शोषून मोठे थेंब बनतात. हे थेंब लहान थेंबांना सामावून घेत जड होतात आणि खाली येतात. ढगाचा माथा गोठणपातळीच्या वर, अतिशीत पाण्याच्या थरात पोचला असेल, तर सिल्व्हर आयोडाइड वापरतात. त्याची स्फटिकरचना बर्फासारखी असल्याने त्याभोवती हिमकण वाढतात. अतिशीत ढगांवरील मेघरोपणाची सुरुवात अमेरिकेत १९४६ मध्ये व्हिन्सेंट शेफर (कोरडा बर्फ) आणि बर्नार्ड व्हॉनेगट (सिल्व्हर आयोडाइड) यांच्या संशोधनाने झाली.

बारामतीचा प्रयोग : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने १९७३, १९७४, १९७६ आणि १९७९ ते १९८६ अशा ११ पावसाळ्यांत बारामती परिसरावर विमानातून मिठाची भुकटी सोडली. तेथून भीमा नदीपलीकडे जिल्ह्यातील श्रीगोंदा आणि कर्जत तालुके लागतात. क्षेत्राचे दोन पट्टे पाडून मध्ये मोकळा पट्टा राखला होता. कोणत्या पट्ट्यावर रोपण करायचे, हे यदृच्छ निवडीने ठरे. रोपण केलेल्या पट्ट्यात सुमारे २४ टक्के अधिक पाऊस आढळला. ही वाढ १ किमी.पेक्षा जाड आणि पाण्याने भरलेल्या ढगांपुरती होती. उथळ ढग रोपणानंतर उलट विरून जाण्याकडे झुकले.

सरकारी मोहिमा : २००३ च्या दुष्काळात राज्य सरकारने कृत्रिम पावसाचा प्रकल्प हाती घेतला, तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू झाला. २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) तळ ठेवून विमाने उडाली. २०१९ च्या मोहिमेला मंत्रिमंडळाने मे महिन्यात ३० कोटी रुपयांची मंजुरी दिली. प्रत्यक्ष उड्डाणे ऑगस्टमध्ये सुरू झाली. या मोहिमांचा उद्देश टंचाई निवारणाचा होता. बारामतीप्रमाणे रोपण न केलेले क्षेत्र तुलनेसाठी राखलेले नसले, की पडलेल्या पावसातला किती रोपणाचा आणि किती निसर्गाचा, हे वेगळे काढता येत नाही.

सोलापूरचा प्रयोग : बारामतीचा प्रयोग करणाऱ्या संस्थेनेच २०१८ आणि २०१९ मध्ये ‘कायपीक्स’ प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात सोलापूर परिसरात विमाने, रडार आणि पर्जन्यमापकांच्या साहाय्याने रोपण केलेल्या व न केलेल्या ढगांची तुलना केली. वाऱ्याच्या दिशेने पुढे असलेल्या १०० चौ. किमी. क्षेत्रात सरासरी १८ टक्के, तर काही ठिकाणी सुमारे ४६ टक्के वाढ आढळली. एकूण जादा पाणी ८६.७ कोटी लिटर भरले आणि खर्च लिटरमागे सुमारे १८ पैसे आला.

मूल्यमापन : ८६.७ कोटी लिटर म्हणजे जेमतेम ०.०३ टीएमसी (अब्ज घनफूट). २६ टीएमसी क्षमतेच्या मुळा धरणाचा हा साडेआठशेवा भाग ठरतो. १ हेक्टर शेतावर १ मिमी. पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. सोलापूरच्या दराने त्याला १,८०० रुपये पडतात. त्यामुळे धरणसाठा वाढवण्याचा मार्ग म्हणून मेघरोपण तोकडे पडते. पिकाला ताण बसलेला असताना मिळालेली एखादी जादा सर मात्र जिरायती शेतकऱ्याला मोलाची असते.

दुसरी मर्यादा वेळेची आहे. कडक दुष्काळात योग्य ढगच दुर्मीळ असतात. टंचाई जाहीर झाल्यावर निविदा काढायची आणि पावसाळा उतरणीला लागल्यावर उड्डाणे करायची, यात हाती थोडेच लागते. रडार, विमान आणि प्रशिक्षित चमू जूनपासून सज्ज असेल, तर सरासरीच्या आसपासच्या पावसाळ्यातही या पद्धतीचा लाभ होऊ शकतो. जादा पडलेले पाणी जागेवर मुरवण्याची सोयही लागते. जिल्ह्यातील राळेगणसिद्धी (पारनेर तालुका) आणि हिवरे बाजार (नगर तालुका) या गावांनी बांधबंदिस्ती, नालाबांध व पाणीवापराचे नियम यांच्या बळावर अल्प पावसातही भूजल वाढवून दाखवले आहे. मेघरोपणाला या कामांची जागा घेता येत नाही. ही कामे झालेल्या शिवारात मात्र त्यातून मिळालेली सर अधिक काळ उपयोगी पडते.